फणी पारखणारी अक्का

रावेरच्या केळी पॅकिंग केंद्रात मी पीएचडीसाठी गेले होते. इथली केळी आखाती देशांत कशी जातात, हा माझा विषय. मार्गदर्शकांनी माझा आराखडा दोनदा परत केला होता. "यात माणसं कुठं आहेत?" एवढंच ते म्हणाले होते.

हौदात केळ्यांच्या फण्या धुणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी छापील प्रश्न विचारत गेले. त्या नुसतं "हो", "नाही" म्हणत होत्या. शेवटी पदराला हात पुसत हसल्या.

"माय, तुले उत्तर आधीच ठावं हाये. मंग मले कायले विचारते?"

मी वरमले. कागद पिशवीत टाकले आणि त्यांच्याशेजारी फण्या धुवायला उभी राहिले. प्रत्येक फणी त्या उजेडाकडे धरायच्या, देठावरून अंगठा फिरवायच्या. एक चांगली हिरवीगार फणी त्यांनी बाजूला टाकली.

"ही का नको, अक्का?"

"हे बोटीतच पिकीन. मंग तिच्यासंगं सारी पेटी पिकते."

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या आपणहून बोलत राहिल्या.

परतीच्या एसटीतच मी नवा आराखडा लिहायला घेतला. तो मंजूर झाला. त्यात पहिला प्रश्न एवढाच होता: तुमचं काम मला शिकवाल का?