थर्ड शिफ्ट आणि उन्हाची पेटी

लग्न होऊन मी दापोडीत आले तेव्हा मला नवऱ्याआधी त्याच्या शिफ्टची ओळख झाली. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. फर्स्टच्या आठवड्यात आमचे हे हसरे असायचे, सेकंडच्या आठवड्यात गप्प असायचे आणि थर्डच्या आठवड्यात नसल्यातच जमा. रात्रभर पिंपरीच्या कंपनीत, सकाळी पावणेआठला घरी, चहा-भाकरी झाली की पांघरूण डोक्यावर. माझ्या वाट्याला यायचं ते पांघरूण.

आमची खोली एकच. त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक, त्यातच यांची खाट. शेजारची खोलीही तशीच. मधली भिंत विटांची होती, पण ती माणसाच्या डोक्यावर हातभर जाऊन संपायची. तिथून पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. घरमालकाच्या विटा संपल्या की उत्साह, कोण जाणे. त्या मोकळ्या जागेतून शेजारच्यांची शिंक आमच्याकडे यायची आणि आमचं भांडण त्यांच्याकडे जायचं.

आणि स्टोचा आवाज दोन्हीकडे जायचा.

पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टो ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. फर्रऽऽ असा एकदा सुरू झाला की देवळातला माणूसही ध्यान सोडून उठेल. वातीचा स्टो बिनआवाजी, पण त्याच्या धुरानं झोपलेला माणूस खोकत उठायचा. बरं, पहाटेच सगळं उरकून ठेवावं, तर पहाटे नळाचं पाणी यायचं आणि पाण्याची रांग सोडून डाळ शिजवणारी बाई अजून जन्माला आलेली नाही. शिवाय चैत्र-वैशाखात पत्र्याखाली पहाटेची डाळ दुपारपर्यंत आंबायची. म्हणजे दहा-अकराला स्टो पेटणार, आणि हे उठणार.

नुसतं उठले असते तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण हे प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साचा धाडकन खाली. रात्रभर हेच. एका सकाळी घरी आले ते चहा न पिताच खाटेवर बसून राहिले. म्हणाले, "डुलकी लागली होती. पाय पेडलवर पडला. हात नशिबानं बाहेर होता." मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी दुपारी मी स्टो पेटवलाच नाही, दोघांनी शिळी भाकरी खाल्ली. तेव्हापासून यांची दिवसाची झोप हे माझं काम झालं. कंपनीनं मला पगार द्यायला हवा होता.

त्याच उन्हाळ्यात कुठल्याशा संस्थेच्या एक बाई चाळीत आल्या. सुती साडी, पायात कोल्हापुरी, आणि आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही. बरोबर एक पत्र्याची पेटी. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. सरकारी योजनेतली सूर्यचूल म्हणे, गरीब वस्त्यांसाठी आणि खेड्यांसाठी. उन्हात ठेवायची, ऊन सरकेल तशी फिरवायची, दोन-अडीच तासांत वरण-भात तयार. बाईंनी जंगलतोडीवर सांगितलं, रॉकेलच्या टंचाईवर सांगितलं, धुरानं डोळे कसे जातात ते सांगितलं. चाळीतल्या बायका पदर सावरत ऐकत होत्या आणि मनात हिशेब करत होत्या की ही बया कधी संपवते.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. ही पेटी आवाज करत नाही!

मी हात वर केला. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पेट्या थोड्या आहेत आणि घरं फार. म्हणून एका पेटीत दोन कुटुंबं. मी दोन महिन्यांनी बघायला येईन. दोन घरांची भांडी आत दिसली तर पेटी इथंच, नाहीतर चाकणकडच्या गावात मागणी आहे, तिकडे जाईल." बाकीच्या बायकांना पेटीत रस नव्हता. त्यांचे नवरे देवाच्या दयेनं रात्री घरी झोपायचे. "उनाच्या मर्जीवर कोण बसणार?" म्हणून एकेक उठून गेली, आणि पेटी तेवढी माझ्या ओट्यावर राहिली.

आणि खरं तर मलाही दुसरं कुणी चालणारं नव्हतं. मी स्टो बंद ठेवून काय उपयोग, भिंतीपलीकडचा पेटत असेल तर? मला हवी होती ती शेजारचीच.

शेजारच्या मावशी चाकणच्या पुढच्या एका गावच्या. शेती दिरांकडे, नवरा कंपनीत, तोही प्रेसवर, यांच्याच शिफ्टला. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. बाई मनानं वाईट नव्हती. होळीला पुरणपोळी आणून द्यायची, गावाहून आलेला हरभरा मूठ-मूठ वाटायची. पण हे सगळं एकाच दिशेनं. आमच्या घरचा चहा कधी घेतला नाही. पाणी विचारलं तर "आत्ताच प्याले" हे उत्तर तयार. आमच्या दारावर पंचशीलाचा झेंडा होता आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. ती कशामुळे तहानलेली नसते, हे सांगायला मला पंचांग लागत नव्हतं. उंबऱ्याच्या आत तर ती कधी आलीच नव्हती.

तरी मी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्यात उनाचं शिजलेलं चालत न्हाई, पोरी."

उनाचं चालत नाही! पापड चालतात, कुरडया चालतात, सांडगे चालतात, लोणच्याच्या बरण्या महिनाभर ऊन खातात ते चालतं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळी यादी आली होती. पण भांडण केलं असतं तर पेटी गेली असती, म्हणून गिळलं. गिळलेलं पचलं मात्र नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिला ते कळलंही नाही, याचा मला जास्त राग आला.

पुढचा थर्डचा आठवडा आला. मी माझी डाळ-तांदूळ पेटीत ठेवून ओट्यावर बसले, अभिमानानं. आमच्या खोलीत चिडीचूप. आणि अकराच्या सुमाराला भिंतीपलीकडून फर्रऽऽ. आत खाट करकरली. हे डोळे चोळत दारात आले. "पेटली का तुझी पेटी?" म्हणाले. तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी सकाळी हे एकटे आले नाहीत. मावशीच्या मालकांना धरून घेऊन आले. त्यांच्या डाव्या हाताला मोठं बँडेज. "बोटं राहिली," हे मला हळूच म्हणाले. "नखं गेली दोन. बसल्या बसल्या झोपला होता, राव." पलीकडून मावशीचा आवाज आला नाही. रडण्याचाही नाही. त्या दिवशी तिनं स्टो पेटवला नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उन्हात ठेवत होते. ती ओट्यावर येऊन उभी राहिली. पेटीबरोबर चार काळी भांडी मिळाली होती, झाकणांची, सगळी सारखी. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यातली दोन दे मला."

मी दिली. "चालत न्हाई"चं काय झालं, असं विचारायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण तिचा चेहरा बघून विचारवलं नाही.

तिचं डावीकडे, माझं उजवीकडे, असं ठरलं. दोरा बांधू का खुणेला म्हटलं तर म्हणाली, "माझं मला कळतंय." मग आम्ही ओट्यावर बसून ऊन सरकेल तशी पेटी फिरवायचो आणि राखण करायचो. राखण पेटीची कमी, झोपेची जास्त. भंगारवाला दिसला की मी ओठांवर बोट ठेवायची. भाजीवाल्याला मावशीनं असा दम भरला की तो आमच्या दारापुढून ढकलगाडी उचलून न्यायच्या बेतात होता. समोरच्या घरातला रेडिओ आम्ही दोघींनी डोळ्यांनीच बंद केला. हळूहळू सगळी चाळ थर्डच्या आठवड्यात कुजबुजायला लागली. बायका नळावर भांडायच्या, पण हातवारे करून.

आमचे हे सलग पाच-पाच तास झोपू लागले. गालावर जरा तेज आलं. मावशीचे मालकही हात बरा होऊन कामावर गेले. आम्ही दोघी बसल्या बसल्या काय काय बोलायचो, तिच्या गावचं, माझ्या माहेरचं. पण दुपारी पेटी उघडली की ती तिची दोन भांडी उचलायची, मी माझी. चहा मी अजूनही विचारायची आणि ती अजूनही आत्ताच प्यालेली असायची.

मग संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. नेमक्या थर्डच्या आठवड्यात, भर दुपारी. "काय गं, कशी चाललीय सूर्यचूल?" अशी त्यांनी लांबूनच आरोळी ठोकली, तशा आम्ही दोघी हात जोडत धावलो. आत माणसं झोपलीत, रात्रपाळीची, असं मी कानात सांगितलं. बाई गोंधळल्या, मग त्यांनीही आवाज उतरवला. तो आवाज उतरवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"रॉकेल किती वाचलं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"ते न्हाई बघितलं," मावशी कुजबुजली. "निजत्यात पर. बाप्ये निजत्यात."

बाईंना ते नीट कळलं नाही असं वाटलं. त्या उठून आमच्या दारातून आत डोकावल्या. हे तोंड उघडं टाकून झोपले होते. बाई बराच वेळ बघत राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "माझ्या भाषणात हे घालायला पाहिजे." मग उत्साहानं त्यांनी पेटी उघडली, चारही भांडी स्वतः बाहेर काढली, झाकणं उघडून वास घेतला, वाहवा केली, ती पदरानं धरून ओट्यावर मांडली, पुन्हा आत ठेवली. "दोन घरं आहेत तोवर पेटी तुमची," असं सांगून त्या पुढच्या गल्लीत गेल्या. आम्ही आपापली भांडी उचलली आणि घरात आलो.

मी झाकण काढलं तर आत मटकी. मी तूरडाळ लावली होती.

म्हणजे माझी तूर पलीकडे गेली. माझ्या घरचं पाणी, माझ्या हातचं तिखट, माझ्या डब्यातली डाळ. पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला, मग झाकण काढल्याचा. मग काहीच नाही. मी भांड्यापुढे बसून राहिले आणि भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. आता ती ओरडेल, डाळ मोरीत ओतल्याचा आवाज येईल, उद्या भांडी परत येतील. मग स्टो. मग आमचे हे डोळे चोळत उठतील आणि रात्री त्या साच्यापुढे जाऊन उभे राहतील. मला तिचा राग नाही आला. नुसती भीती वाटली.

दार हललं. मावशी दारात होती, हातात काळं भांडं. तिनं खाटेकडे बघितलं आणि चपला काढून आत आली.

"निजल्यात न्हवं तुझं मालक?" ती कुजबुजली.

मी मान हलवली. "मावशी, त्या बाईंनी घोळ केला. तुमची मटकी मी नुसती उघडलीय. हात लावलेला नाही. शपथ. घेऊन जा."

"आन तुझी डाळ कशी देऊ माघारी? मी जेवले की. निम्मी ह्यास्नी झाकून ठेवलीया." तिनं भांडं खाली ठेवलं. ते रिकामं होतं. "मीठ लई कमी टाकतीस बग तू."

तिनं माझ्यापुढच्या भरल्या भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आन तू गं? तू का न्हाई खाल्लीस माझी?"

हा प्रश्न दोन वर्षं मी तिला मनातल्या मनात विचारत आले होते.

"खा की," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "गार व्हतीया."

मी भात वाढून घेतला, वर तिची मटकी घेतली. मटकी चांगली झाली होती. पहिल्या घासालाच मला रडू फुटलं, पण हे झोपले होते, म्हणून तेही आवाज न करता उरकावं लागलं.