समोरच्या टीमची कच्ची बाजू

फुटबॉल दाजींना कळतो, हे दाजी सोडून कुणालाच मान्य नव्हतं. मेहुण्याला तर मुळीच नाही. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गल्लीतल्या टीमचा कोच. दाजी काही बोलायला लागले की तो म्हणायचा, "दाजी, तुम्ही आपले केस कापा."

पण यंदा हंगामातला दुसराच सामना तगड्या टीमशी होता, आणि त्या टीमचा सराव चालायचा दाजींच्या सलूनसमोर, रस्त्यापलीकडच्या मैदानावर. मेहुण्याला गरज पडली. नाक मुठीत धरून आला बिचारा. "जरा बघून ठेवा ना दाजी. तुम्ही सांगाल तशी टीम लावतो."

लग्नानंतरच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा! दाजी हरखले. दोन आठवडे त्यांनी गिऱ्हाइकांच्या माना वाकवून समोरचा सराव बघितला आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं: गोलकीपर उंच बॉलला घाबरतो. पुढचा बुटका डावखुरा. उजवीकडचा उंच बचावपटू गुडघ्याला पट्टी बांधतो, वळायला वेळ लावतो. हल्ला तिकडूनच करा.

सामन्याच्या दिवशी ते दुकान बंद करून मैदानावर गेले. शिट्टी वाजली. पट्टीवाला उंच गडी डावीकडे उभा! दाजींना वाटलं, बदलली असेल बाजू, लबाड लेकाचे. तेवढ्यात त्या डावखुऱ्या बुटक्यानं उजव्या पायानं असा गोल ठोकला की दाजी आपलाच डावा-उजवा हात तपासायला लागले.

अरे देवा! सगळा सराव त्यांनी गिऱ्हाइकामागे उभं राहून आरशात बघितला होता. मैदानाकडे वळून बघायला कात्री थांबवावी लागते, आणि कात्री थांबवली की गिऱ्हाईक कुरकुरतं. केस कापताना त्यांचा हात डावं-उजवं आपोआप सांभाळायचा. कॅलेंडरवर लिहिताना ते डोक्यानं सांभाळायला हवं होतं, आणि डोक्यानं घात केला होता.

तिकडे मेहुण्याची पोरं एकामागून एक बॉल घेऊन समोरच्या टीमच्या सगळ्यात दांडग्या बचावपटूवर जाऊन आपटत होती.

मध्यंतर होताच दाजी धावत सुटले. सगळ्या टीमसमोर कान पकडले. "चुकलो रे! मी आरशात बघितलं. बाजू उलटी झाली. कच्चा गडी डावीकडे आहे, तिकडून जा!"

"आधी उजवी, आता डावी?" मेहुणा भडकला. "पोरांचा गोंधळ करू नका, दाजी. ठरलं ते ठरलं."

"अरे, पण मीच सांगितलं होतं ना ते? मग मीच सांगतोय चुकलं म्हणून!"

"बाहेर बसा."

दाजी बाहेर बसले. पोरं पुन्हा त्याच भिंतीवर डोकं आपटत राहिली, आणि दाजी घसा फुटेस्तोवर ओरडत राहिले. दोन-शून्य.

सामना संपला तसा तो पट्टीवाला लंगडत हात मिळवायला आला. मेहुण्याला म्हणाला, "गुडघा इतका दुखत होता की एक जण जरी माझ्या बाजूनं आला असता तरी मी खाली बसलो असतो. कुणी फिरकलंच नाही हो!"

मेहुणा गर्रकन दाजींकडे वळला.

"ऐकलंत? एवढं साधं सांगता येत नव्हतं तुम्हाला?"