अंगठ्याची चिंधी

पुतळ्यावरचा पडदा सरला, टाळ्या वाजल्या आणि कमळाआत्या माझा हात सोडून थेट चौथऱ्यावर चढली! ती आमची शेवटची भेट ठरेल, असं त्या गर्दीत कुणाच्या मनात येणार… तिला जाऊन दीड महिना झाला, पण मला ती अजून चौथऱ्यावरच दिसते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन खाडीतल्या बेटावर गेली आणि जन्मभर ओहोटीला खडकांवर बसून कालवं फोडत राहिली. बेटाच्या धक्क्यावर गावच्या कामांचे पुतळे बसवायचं ठरलं, जाळं फेकणारा, होडीला डांबर लावणारा आणि कालवं काढणारी बाई, तेव्हा नेरूळला मला तिचा फोन आला, "अरं, आमचा पुतला होनार हाय!" आनंदानं तिला धड बोलता येईना. पण मातीचा नमुना पाहिला आणि तिचा पारा चढला. शिल्पकारानं बाई उभी केली होती, कमरेवर टोपली, अगदी कॅलेंडरवर शोभेल अशी. "उभ्यानं कुनी कालवं फोरतं का, दादा?" म्हणत तिनं त्याला खडकांवर नेलं. बिचारा दोनदा घसरला, मग मुकाट्यानं तिच्या शेजारी उकिडवा बसून वहीत चित्रं काढू लागला. खाली मान घातलेल्या बाईबरोबर फोटो कसा काढायचा, म्हणून पुतळे बसवणाऱ्या समितीतली मंडळी कुरकुरली. आत्या हटली नाही आणि पुतळा बसलेलाच झाला!

पण अंगठा उघडा राहिला होता. कालवाच्या शिंपल्याची कड पात्यासारखी, म्हणून बायका अंगठ्याला चिंधी गुंडाळतात. भर कार्यक्रमात आत्यानं पदराची कड टरकन फाडली आणि पुतळ्याच्या अंगठ्याला बांधली. पाहुणे माइक धरून बघतच राहिले.

"आत्या, उतर, लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू दे की. तिचा अंगठा कापंल ना!"

तेव्हा मी ओशाळलो होतो. आज त्याचंच वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात लाँचनं बेटावर गेलो. खाऱ्या वाऱ्यात ती चिंधी टिकली असेल का, याची वाटभर धाकधूक होती. पाहतो तर अंगठ्याला नवीकोरी हिरवी चिंधी! शेजारी कालवं विकत बसलेल्या शेवंतीकाकू, आत्याच्या जोडीदारीण, म्हणाल्या, "जुनी कुजली. ही तुज्या आत्याच्याच लुगऱ्याची. आखं लुगरं ठेवलंय आमी, लय वर्सं पुरंल."

काहीतरी करायला हवं म्हणून मी गाठ घट्ट करू लागलो, तशा काकू ओरडल्या, "आवलू नको रं! अंगठा वाकाया नको का तिचा?"