चादरीच्या दोन टोकांना

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नाही, असं म्हणायची कुणाची टाप होती? चांगल्या क्लासला जाऊन शिकल्या होत्या त्या. ‘गेट’ येत होतं, ‘अप’ येत होतं, ‘आउट’ही येत होतं. पण इथली, परदेशातली मंडळी दोन-दोन शब्दांची मोट बांधून बोलायला लागली, की मेला अर्थ तिसरीकडेच पळायचा! मग मावशी हसून मान डोलवायच्या. "येस, येस, व्हेरी गुड!" काम भागत होतं.

मोठी चादर एकटीला आवरत नाही. समोरचं टोक धरायला सोबतची ताडमाड बाई, उंचाडी, असायची. हे नाव मावशींनीच ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. दोघी चादर ताणायच्या, झटकायच्या, चालत जवळ येऊन टोकं जुळवायच्या. उंचाडी आपल्या डब्यातलं अर्धं मावशींपुढे सरकवायची. या परक्या मुलखात तेवढंच एक माणूस त्यांचं होतं.

परवा टोकं जुळवताना उंचाडी खाली मान घालून पुटपुटली, "ही वॉक्ड आउट ऑन मी." मावशी नेहमीसारख्या हसल्या. "व्हेरी गुड!"

उंचाडीने हातातली चादर सोडली आणि ती निघून गेली.

घरी मावशींनी लेकीला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लेक भाजी चिरायची थांबली.

"आई, तिचा नवरा तिला सोडून गेलाय. तू काय म्हणालीस?"

"अगं, हसले मी!" मावशी बोटांवर एकेक शब्द मोजू लागल्या. "चालला, बाहेर, वर, मी. यात नवरा कुठे होता गं बाई?"

लेकीने माफीचं वाक्य शिकवलं. मावशींनी ते भांडी घासताना घोकलं, बसमध्ये घोकलं. सकाळी पाहतात तर उंचाडीने दुसऱ्याच बाईबरोबर चादर धरलेली. मावशी सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि वाक्य म्हणाल्या. एक शब्द चुकला नाही. उंचाडीने त्यांच्याकडे बघितलं, ती चटकन काहीतरी बोलली आणि पुन्हा कामाला लागली.

माफ केलं की हाकललं? देव जाणे! लेकीला विचारायचे म्हणून मावशींनी ते शब्द तसेच तोंडात धरून ठेवले. दिवसभर कुणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

"काय म्हणाली गं ती?" दार उघडताच लेकीने विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं.

"आई, आठव ना."

"नाही गं आठवत," म्हणत मावशी उंबऱ्यातच रडायला लागल्या.