चतुर्थीचा उपास

शेजारचे सर बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दुधाच्या रांगेतही ते फळ्यापुढे उभे असल्यासारखे सावकाश बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर चष्मा पुसत.

माझा गर्भ सहाव्या आठवड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, "चतुर्थी धरली हिनं, लेकरू पोटातच उपाशी मेलं." मलाही तसंच वाटत होतं; तेव्हापासून मी धड जेवले नव्हते.

सर भेटायला आले. सासूबाईंना म्हणाले, "आक्का, पहिले दोन-तीन दिवस गर्भ साखर फारशी घेतच न्हाय. मग ती आत घ्यायला पेशींवर स्वतःच दारं तयार करतो; सहाव्या आठवड्यात ती कवाच झालेली असत्यात. आन् एका उपासानं आईच्या रक्तातली साखर संपत न्हाय."

"मग गेलं कशानं?"

"ते मला ठाऊक न्हाय."

"एवढं शिकून?"

"व्हय."

त्यांनी एखादं कारण ठोकून दिलं असतं, तर आधी सांगितलेलंही मला खरं वाटलं नसतं. त्या दुपारी मी जेवले.