चंद्राचा टी-शर्ट

गरम इस्त्रीचा वास आला की रनाळ्याची ती सकाळ आठवते. ताईची नंदुरबारला नोकरीसाठी मुलाखत होती. चंद्राचं चित्र जळू नये म्हणून तिनं काळा टी-शर्ट उलटा करून इस्त्री केला, पँटमध्ये नीट खोचला आणि वर वडिलांचा लग्नातला कोट बाह्या दुमडून चढवला. अगदी साहेबीण दिसत होती. आई कुरकुरली, "बटन लाई ले, साहेब लोके हासतीन." ताई म्हणाली, "चंद्र दिखाले जोयजे, माय!" नोकरी लागली, पण वर्षभरात काविळीनं ताई गेली. कापूस वेचताना आई साडीवर वडिलांचा जुना सदरा घालते. यंदा तिनं तो टी-शर्ट घातला. मी म्हटलं, "माय, उलटा शे." ती म्हणाली, "माले माहीत शे. ऊनमा चंद्र उडी जाई."