आखूड वळ

पनवेलच्या उड्डाणपुलाखाली सायकली दुरुस्त करणारे काका माणसांपेक्षा चाकांशीच जास्त बोलतात. "आता कुरकुर नाय हां," असं चाकाला दटावतात. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. कशामुळे, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

माझ्या जुन्या रेसिंग सायकलचे गिअर काढून त्यांनी मागच्या चाकाला एकच दातेरी चकती घट्ट बसवली. आता चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरणार, मध्ये थांबणार नाही. सायकल उलटी उभी करून त्यांनी पॅडल जोरात फिरवलं. चेनवर मळ दिसला, म्हणून मी जुन्या सवयीने फडकं घेऊन पुढे वाकलो.

त्यांनी माझं मनगट धरलं. मागे ओढतील असं वाटलं, पण त्यांनी हात चेनजवळ नेला. आणखी जवळ. चेनने फडकं हिसकावलं, दात्यांत चिरडलं, आणि पॅडल तसंच फिरत राहिलं.

मग त्यांनी हात सोडला. "भ्यालास ना? मंग आता इसरनार नाय तू."

घरी पोचलो तेव्हाही मनगटावर बोटांचे वळ होते. त्यातला एक आखूड होता.